उतरणीचे श्रम

सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारात साड्यांचे गठ्ठे पाठीवर घेऊन जिना चढणाऱ्या हमालाला धाप लागते. तेच ओझे घेऊन उतरताना त्याचा श्वास तितका फुलत नाही. पाहणाऱ्यास वाटते, उतरणे म्हणजे विसावाच. पण खानदेशातून येऊन लिंबायत-उधन्यात बिऱ्हाड केलेल्या नवख्या तरुणाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात, त्या मुख्यतः उतरण्यामुळे.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत भार उचलतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबता भार रोखून धरतो. १९५२ साली ॲबट, बिगलंड व रिची यांनी लंडनमध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पायटे पुढे मारायचे, दुसऱ्याने त्यांस विरोध करायचा. बळ दोघांचे सारखेच लागे. परंतु विरोध करणाऱ्यास प्राणवायू फारच कमी लागे! १९५४ मध्ये बिगलंड व लिपोल्ड यांनी स्नायूंतील विद्युत्-चलन मोजले. सारख्याच ताणासाठी लांबणाऱ्या स्नायूत ते कमी आढळले. म्हणजे थोडे तंतू जागे होतात आणि त्या थोड्यांवरच सारा भार पडतो. ठणका लागतो तो येथे.

याच कारणाने, जे वजन मनुष्यास उचलवत नाही, ते त्याला सावकाश खाली मात्र ठेवता येते. व्यायामात वजन ठरते ते उचलण्याच्या शक्तीवरून, आणि उतरवण्याची शक्ती अर्धीमुर्धी वापरली जाते. स्वीडनमधील टेश व बर्ग यांनी अंतराळवीरांसाठी फिरत्या जड चाकाचे साधन तयार केले. ओढून फिरवलेले चाक थोड्या अंतरात थोपवावे लागते, तेव्हा उतरत्या हालचालीवर जादा भार येतो. अनभ्यस्ताचे मज्जातंतू अशा वेळी स्नायूस पुरते जागे होऊ देत नाहीत, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. सरावाने हा लगाम सैल होतो.

आपल्या तालमींत बैठकांचे आकडे अभिमानाने सांगतात. पण धपकन खाली बसणारा अर्धी बैठक फुकट घालवतो, हे सांगणारे वस्ताद थोडेच.

थोड्या भाराचा एक अनुभवही पुढच्या वेळचा ठणका पुष्कळ कमी करतो. तेव्हा नवख्या हमालाने पहिले काही दिवस हलके गठ्ठे उतरवावेत, हे शास्त्रास धरून आहे. नगावर मजुरी मिळणाऱ्यास ते परवडावे कसे, याचा विचार मात्र गठ्ठ्याच्या मालकानेच करावयाचा आहे.