‘तर’ या शब्दाचे ऋण



वऱ्हाडातला उन्हाळा, त्यात संध्याकाळ झाली तरी भिंती अजून तापलेल्या, आणि अशा वेळी आपण घरची गच्ची आणि माठातले पाणी सोडून इथे व्याख्यान ऐकायला आलात, हे वक्त्यापेक्षा श्रोत्यांचे धाडस आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली नसती, तर आपण आज सुखाने बाजेवर पडून तारे मोजीत असता आणि मीही तेच करीत असतो. माझ्या भाषणाची सुरुवातच ‘तर’ने झाली, हे तुमच्या लक्षात आले असेल. चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी भीत भीत म्हणालो, “मला ‘तर’ या शब्दावर बोलायचे आहे.” ते म्हणाले, “तर मग बोला!” म्हणजे त्यांचेही त्या शब्दावाचून अडलेच.

शहाणी माणसे या शब्दाला फारसा मान देत नाहीत. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे म्हणून ती विषय झटकून टाकतात. पण व्याकरणाने मात्र त्याला घरात हक्काची जागा दिली आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण छापले. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या पोरे क्रियापदाचे अर्थ घोकीत आली. त्यांत एक आहे संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पुण्या-मुंबईच्या मुलाला ते व्याकरणाचे उदाहरण वाटत असेल. आमच्या वऱ्हाडात कोरडवाहू कपाशीवाल्याच्या घरी ते रोजचे बोलणे आहे. संकेतार्थ आम्ही शाळेत शिकलो नाही, तो आईच्या दुधाबरोबरच आला. शाळेने फक्त त्याचे नाव सांगितले.

ती शाळा हिवरखेडची. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, गावाभोवती पानमळे आणि कपाशीची शेते. खंडव्याकडे जाणारी मीटरगेजची गाडी शिट्टी देऊन गेली, की घड्याळाची गरज नसे. आता त्या गाडीची शिट्टी बंद होऊनही बरीच वर्षे झाली. मी सांगतो तो काळ १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांचा. वर्गात पाठ्यपुस्तक एकेकाच्या घरी दोन भावांत एक, आणि तेही थोरल्याने वापरून कोपरे गोल झालेले. म्हणून वाचन हे डोळ्यांनी करायचे काम आहे, असे आम्हाला ठाऊकच नव्हते. ते कानांनी करायचे काम होते. एकाने मोठ्याने वाचायचे आणि चाळिसांनी ऐकायचे.

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास अवांतर वाचनाचा असे. आमचे गुरुजी स्वतः वाचीत. त्यांची एक खोड होती. गोष्ट ऐन भरात आली, की ते मध्येच बोट घालून पुस्तक मिटीत आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहून म्हणत, “आता असे झाले नसते, तर?” मग पाच मिनिटे वर्गाचा बाजार होई. ज्याला सात अठ्ठे किती हे सांगता येत नसे, तोही त्या पाच मिनिटांत बोलून घेई. कारण तिथे उत्तर चुकण्याची सोयच नव्हती.

एकदा त्यांनी अडगावच्या लढाईचा धडा असाच अडवला. अडगाव म्हणजे आमच्या शेजारचे गाव. तिथल्या सोयऱ्यांकडे आम्ही हुरडा खायला जात असू. त्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी भोसले-शिंद्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीची फौज भिडली. तोफा सुरू होताच वेलस्लीच्या काही पलटणी बिथरून मागे पळाल्या; त्याने स्वतः पुढे होऊन त्यांना वळवले आणि दिवस जिंकला. पंधरा-सोळा दिवसांत गाविलगडही पडला. पुढे हाच माणूस ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूवर त्याने नेपोलियनला हरवले. गुरुजींनी पुस्तक मिटले. “तो अडगावलाच पडला असता, तर?”

वर्गाने दहा मिनिटांत युरोपचा नकाशा बदलून टाकला. एकाने नेपोलियनला लंडनमध्ये नेऊन बसवले, दुसऱ्याने नागपूरकर भोसल्यांना कलकत्त्यात. मागच्या बाकावरचा माझा मित्र तेवढा गप्प होता. गुरुजींनी त्याला उठवले, तेव्हा तो म्हणाला, “गुर्जी, थो पडला अस्ता, त दुसरा आला अस्ता. पन अडगाववाल्यायच्या वावरातली जवारी त तुडवल्याच गेली अस्ती ना!” वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. आज मला वाटते, इतिहासावरचा त्याहून शहाणा शेरा मी पुढे कॉलेजातही ऐकला नाही. गंमत अशी, की स्वतः वेलस्लीनेही त्या लढाईनंतर लिहिताना, आपण जवळ नसतो तर तो दिवस हातचा गेला असता, अशा अर्थाची कबुली दिली आहे. म्हणजे जिंकलेल्या सेनापतीलाही रात्री झोपताना ‘तर’ आठवतो. हरलेल्यांनाच तो आठवतो, असे नाही.

आता कोणी म्हणेल, की झाल्या गोष्टीवर तर्क लढवून काय मिळाले? मिळते ते असे. १८६५ साली फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्नने एक ‘तर’ लिहिला : तीन माणसांना गोळ्यात बसवून चंद्राकडे उडवले तर? आमच्या गुरुजींनी ती कथा आपल्या शब्दांत सांगितली, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. १९६९ च्या जुलैत, मी अकोल्याला शिकत असताना, रेडिओभोवती उभे राहून आम्ही ऐकले, की माणूस चंद्रावर उतरला. निघालेली माणसे तीनच होती, आणि निघाली तीही व्हर्नने योजलेल्या फ्लॉरिडातूनच. व्हर्नची तोफ खोटी ठरली, अग्निबाण खरा ठरला. पण त्याचा ‘तर’ खोटा ठरला नाही. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरी आणून बसवले, हे त्यांचे उपकारच.

आणि दूर कशाला जा? अमरावती जिल्ह्यात आपले रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गावोगाव हिंडून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ तो. महानुभावांची परंपरा सांगते, की पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणूनच तिचे निरनिराळे पाठ आढळतात. त्या शिष्यांनी पोथी नुसती बासनात बांधून तिची पूजा केली असती, ती मोठ्याने वाचली नसती, ऐकली नसती, तर? पोथीबरोबर ग्रंथही गेला असता. आज रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. त्याच्या पायात दगड आहेत तसे ते कानही आहेत.

आता मला मूळ गोष्टीकडे आले पाहिजे. इतका वेळ मी तिच्याभोवतीच फिरत होतो.

तो मागच्या बाकावरचा मित्र एका सालदाराचा मुलगा. एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि दिवाळीनंतर त्याचे नाव पटावरून कमी झाले. तो दुसऱ्याची गुरे राखू लागला. पण शनिवारी शेवटच्या तासाला तो गुरे शाळेमागच्या पडीत सोडून खिडकीशी येऊन उभा राही. गुरुजी पाहूनही पाहत नसत. उलट त्या तासाला ते अंमळ मोठ्याने वाचीत, असे मला आता वाटते.

त्या दिवसांत आमच्याकडे ‘चांदोबा’चे जुने अंक बांधून ठेवलेले होते. त्यात विक्रम आणि वेताळ. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ राजाला प्रश्न घालतो आणि बजावतो, की उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस, तर तुझ्या डोक्याची शकले होतील. गुरुजी नेमके प्रश्नाशी थांबत आणि उत्तर पुढच्या शनिवारवर ठेवीत. एका शनिवारी असाच प्रश्न टाकून तास संपला. शाळा सुटल्यावर तो मला फाटकाशी भेटला. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्या वर्षी माझ्याकडे होती, आणि ती मी कमरेच्या करगोट्याला बांधून मिरवीत असे. तो म्हणाला, “पुढच्या शनवारी मी नाही येत. आमी मालकाची ढोरं घेऊन पहाडाकडे जाऊन राह्यलो. आजच्या दिस पुस्तक दे. उत्तर वाचतो अन्‌ संध्याकाळी आनून देतो.”

मी म्हणालो, “तुझं नाव पटावर नाही.”

नियम तसा होता, हे खरे. पण मला नियम कोणी विचारला नव्हता, आणि कपाटावर कोणी पहारा ठेवला नव्हता. हातात किल्ली होती, एवढेच. तो काही बोलला नाही. गुरे वळवून निघून गेला. डोंगराकडून ती माणसे परस्पर दुसऱ्या गावी कामाला गेली, असे पुढे कळले. तो पुन्हा खिडकीशी आला नाही. मी पुढे शिकलो, मास्तर झालो, तीस वर्षे मुलांना संकेतार्थ शिकवला. आणि दर वर्षी फळ्यावर उदाहरण लिहिताना पावसाचे वाक्य लिहीत असलो, तरी मनात दुसरेच वाक्य येई : मी पुस्तक दिले असते, तर?

कदाचित काहीच झाले नसते. त्याने एक उत्तर वाचले असते आणि गुरेच राखली असती. एका पुस्तकाने माणूस बॅरिस्टर होतो, असे मी म्हणत नाही. पण त्याला ते उत्तर मिळाले असते, एवढे तर नक्की. आणि तेवढे देणे माझ्या हातात होते.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी असते. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. त्यांनी ती काढली नसती, तर वऱ्हाडातल्या किती खेड्यांतली पोरे शाळेच्या खिडकीबाहेरच राहिली असती, याचा हिशेब तुम्हीच करा. गाडगेबाबा स्वतः शाळेत गेले नाहीत. पण जेवायचे ताट मोडा, हातावर भाकरी खा, मात्र पोराला शिकवा, हे त्यांनी कीर्तनाकीर्तनांतून सांगितले. ही माणसे ‘तर’ला घाबरली नाहीत, त्यांनी तो मागे वळून विचारला नाही, पुढे पाहून विचारला. ‘असे झाले असते तर’ हा हळहळीचा संकेतार्थ आहे. ‘असे केले तर?’ हा कर्तृत्वाचा आहे. व्याकरणात दोघांचे घर एक, पण संसार निराळे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, असे लिहून ठेवले आहे. २०१५ पासून आपल्या राज्यात १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, त्या दिवशी कपाटाला हारही घालतात. हार घालायला माझी हरकत नाही. फक्त तो घालताना कुलूप काढले आहे का, तेवढे पाहावे. फाटू नयेत म्हणून ठेवलेली पुस्तके वाळवी खाते, आणि तिचे नाव कुठल्याही पटावर नसते.

श्रोतेहो, माझ्या पाठीवर साठ वर्षे एक वेताळ बसला आहे. उत्तर ठाऊक असून मी आजवर मोठ्याने बोललो नव्हतो. आज बोललो, म्हणून डोके शाबूत घेऊन घरी जाईन. पण गोष्टीचा नियम तुम्हाला माहीत आहे : राजा बोलला, की वेताळ पाठीवरून उडतो आणि झाडावर जाऊन बसतो. तो आता या मंडपाबाहेरच्या निंबावर असेल. जाताना आपल्यापैकी ज्यांच्या हाती कुठल्याही कपाटाची किल्ली आहे, मग ते शाळेचे असो, वाचनालयाचे असो की घरचे असो, त्यांना तो अडवील आणि एवढेच विचारील, “एखादे पोर येऊन पुस्तक मागू लागले, तर?”

उत्तर सोपे आहे.