मोटारीचे चाक पाठीकडून पाहावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा दोघीतिघींनी मला जिन्यातच गाठले. म्हणाल्या, "अहो, मोटारीची चाके हा का मंडळाचा विषय? ते पुरुषमंडळींनी पाहावे." या शंकेचे उत्तर आधी देते आणि मग मुद्द्याकडे वळते.

आपल्या या चार गल्ल्यांत मोटार नाही असे घर आता शोधावे लागेल. त्या मोटारीत मागच्या बाकावर नातवंडाला मांडीवर घेऊन बसतो आपण. तिच्या हप्त्यांची तोंडमिळवणी करतो तीही बहुतेक आपणच. गाडी घेऊन वर्ष-दोन वर्षे झाली की चिरंजीव म्हणतात, "आई, लोखंडी चाके शोभत नाहीत, मॅगव्हील टाकू या." पैसे जायचे घरातून आणि बसायचे घरच्यांनी, मग विकत घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याचा हक्क आपला नाही तर कुणाचा? ते चार प्रश्न कोणते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मी हे कोणत्या अधिकाराने सांगते, तेही बोलून टाकते. पुण्याजवळच्या एका कारखान्यात, चाकांच्या तपासणी खात्यात मी एकवीस वर्षे नोकरी केली. ओतलेले चाक पास की नापास, हे ठरविणाऱ्यांपैकी मी एक होते. हजारो चाके नजरेखालून गेली. त्यावरून एक गोष्ट पक्की मनावर ठसली: चाकाची चकाकी समोरून दिसते आणि त्याचा गुण पाठीमागे लिहिलेला असतो. दुकानात आपण समोरून पाहतो, इथेच फसगत होते.

आधी हा धातू कोणता ते पाहू. 'मॅगव्हील' हे नाव पडले ते मॅग्नेशियमवरून. शर्यतीच्या गाड्यांना एके काळी मॅग्नेशियमची चाके असत. आज बाजारात त्या नावाने मिळतात ती चाके मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या आयांच्या तोंडचे 'जर्मन'. जर्मनचे पातेले हातातून पडले की त्याला पोचा येतो, हे आपण सर्व जाणतो. मग तोच धातू भरलेल्या मोटारीचे ओझे कसा सोसतो? मिश्रणामुळे आणि भट्टीमुळे. ओतीव चाकांसाठी फार वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत शंभर भागांत सुमारे सात भाग सिलिकॉन असते आणि अर्ध्या भागाहूनही कमी मॅग्नेशियम असते. सिलिकॉनमुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट पोहोचतो. चिमूटभर मॅग्नेशियमचे काम पुढे भट्टीत दिसते. ओतलेले चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात, पाण्यात झटकन विझवतात आणि मग १५० अंशांच्या आसपास पुन्हा काही तास ठेवतात. एवढे झाले म्हणजे त्याला खरा कणखरपणा येतो.

आता गंमत अशी की, हे भट्टीचे काम केलेले चाक आणि न केलेले चाक शेजारीशेजारी ठेवले तर तुम्हांला-आम्हांला फरक दिसत नाही. रंग तोच, झळाळी तीच. जळणाचा खर्च मात्र वाचलेला असतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे आतली भोके. वितळलेले ॲल्युमिनियम हवेतल्या दमटपणातून हायड्रोजन वायू शोषून घेते. रस थिजताना तो वायू बाहेर पडू पाहतो आणि आतच बारीक बुडबुडे होऊन अडकतो. शिवाय धातू थंड होताना आकसतो. जिथे चाकाच्या काड्या रिमला किंवा मधल्या जाड भागाला मिळतात तिथे पोकळी राहण्याचा संभव अधिक. तिसरे म्हणजे भंगार. जुने ॲल्युमिनियम वितळवून वापरण्यात वाईट काही नाही. पण त्यात लोखंडाचा अंश वाढला की धातू ठिसूळ होतो. म्हणून चांगल्या कारखान्यात प्रत्येक वितळणीचा नमुना तपासतात, चाकाचे क्ष-किरण चित्र घेतात, हवा गळते का पाहतात. नमुन्याच्या चाकांना वाकवीत वाकवीत लक्षावधी फेरे फिरवतात, ओझ्याखाली ढोलावर पळवतात, आणि १३ अंशांत कलते धरून त्यावर वजन टाकून पाहतात. रस्त्याच्या खड्ड्याचा हा कारखान्यातला अवतार.

आमच्याकडे नापास चाक करवतीने कापल्याशिवाय वितळायला जात नसे. कारण अखंड चाक मागल्या दाराने बाहेर पडले, तर रंग देऊन ते कुठेही विकले जाऊ शकते. कापलेले डोळ्यांनी पाहीन तेव्हाच मी सही करीत असे. एकदा मालाची फार निकड होती. एका घाण्यातील बऱ्याच चाकांच्या काड्यांच्या मुळाशी क्ष-किरणात पोकळ्या दिसल्या. वरिष्ठ म्हणाले, "बाई, ठिपकेच आहेत. एवढी चाके कापायची म्हणजे काय?" मी सही केली नाही. चाके कापली गेली, आणि पुढे दोन महिने खात्यात माझ्याशी कामापुरतेच बोलणे होत असे. मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. सांगण्याचा हेतू एवढाच की, चाकाची किंमत म्हणजे नुसती धातूची किंमत नव्हे. नको ते चाक कापून टाकण्याची किंमतही तिच्यात असते. फार स्वस्त चाक पुढे आले की मला पहिला प्रश्न पडतो, यांनी कापायचे सोडून दिले काय?

आता ते चार प्रश्न.

पहिला प्रश्न: साक्ष कुणाची? दुकानदाराला चाक उलटे करून दाखवायला सांगा. पाठीवर करणाऱ्याचे नाव, माप आणि घडविल्याचा महिना-वर्ष ठळक उमटलेले असावे. २०२० साली केंद्र सरकारने मोटारींच्या चाकांच्या रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्यानुसार भारतीय मानक ब्यूरोचा आय.एस.आय. शिक्का पाहावा. शिक्क्याबरोबर परवान्याचा क्रमांक असतो, आणि तो ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाइलवरील साधनात घालून खराखोटा पाहता येतो. काही चाकांवर 'जे.डब्ल्यू.एल.' ही इंग्रजी अक्षरे असतात. ती जपानच्या हलक्या मिश्रधातूच्या चाकांच्या मानकाची. चाक त्या मानकाला उतरते, असे करणाराच त्यातून सांगत असतो. शेजारी 'व्ही.आय.ए.' असेल तर तिसऱ्याकडून पडताळणी झाल्याची ती खूण. पण अक्षरे साच्यात कोरणे अवघड नाही, हे विसरू नका. म्हणून नाव-पत्ता असलेला विक्रेता आणि चाकाचा तपशील लिहिलेले पक्के बिल, ही दोन्ही हवीत. "बिल कशाला, कमी लावतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

दुसरा प्रश्न: ओझे किती सोसेल? पाठीवर एका चाकाने सोसावयाचे जास्तीत जास्त वजन किलोत दिलेले असते. गाडीच्या पुस्तकात प्रत्येक आसावर चालणारे वजन असते, त्याचे निम्मे करा. समजा मागच्या आसावर ८०० किलो चालत असतील, तर चाकावरचा आकडा ४०० किंवा त्याहून अधिक पाहिजे. रिकाम्या गाडीचा हिशेब करू नये. दिवाळीला गावी जाताना पाच माणसे, बॅगा आणि फराळाचे डबे धरून करावा.

तिसरा प्रश्न: गाडीला नेमके बसते का? इथे तीन मापे आहेत. नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, हे पहिले. चार भोकांच्या चाकाला समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतले अंतर मोजले की तो मिळतो. मारुती स्विफ्टचा १०० मिलिमीटर, फियाटच्या पुंटो आणि लिनियाचा ९८. दोन मिलिमीटरचा फरक! ओढूनताणून एकाचे दुसऱ्याला चढलेसे वाटते, पण नट तिरपे बसतात आणि पुढे ढिले होतात. दुसरे माप मधल्या मोठ्या भोकाचे. स्विफ्टच्या हबला ते ५४.१ मिलिमीटर लागते. बाजारातील चाकांना ते पुष्कळदा मोठे ठेवलेले असते. तेव्हा मधली फट भरणारे नेमक्या मापाचे कडे घालून घ्यावे, नाहीतर वेगात गाडी थरथरते. तिसरे माप 'ई.टी.' या अक्षरांपुढे लिहितात. चाक हबला जिथे टेकते ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, हे ते सांगते. हा आकडा कंपनीच्या आकड्याहून बराच कमी असला तर चाक बाहेर येते. गाडी दिसते रुबाबदार. पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो.

चौथा प्रश्न: रबर किती उरेल? मुलांना मोठे चाक हवे असते. पण टायरसकट एकंदर उंची तीच ठेवायची, नाहीतर वेग दाखविणारा काटा खोटे सांगू लागतो. म्हणजे धातू जितका वाढेल तितके रबर कमी होणार. हिशेब पाहा. १६५/८० आर १४ या टायरच्या भिंतीची उंची १३२ मिलिमीटर. १८५/६५ आर १५ ची सुमारे १२०. १९५/५५ आर १६ ची १०७. तिन्हींची एकंदर उंची जवळजवळ सारखी, सुमारे ६२० मिलिमीटर. चौदावरून सोळावर गेलो की खड्डा आणि चाक यांच्यामधली अडीच सेंटिमीटर गादी आपण काढून टाकली! पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते डोळ्यांपुढे आणा आणि ठरवा. लोखंडी चाक खड्ड्यात आपटले तर बहुधा वाकते. मिश्रधातूच्या चाकाला तडा जाण्याची भीती अधिक.

तुम्ही विचाराल, मग ही चाके घ्यावीतच कशाला? चांगल्या मिश्रधातूच्या चाकाचे गुण खरे आहेत. त्याच मापाच्या लोखंडी चाकाहून ते हलके करता येते, आणि चाक हलके तर खाचखळग्यांवर गाडी अधिक ताब्यात राहते. ते अधिक नेमक्या गोलाईत घडविता येते, उष्णता लवकर सोडते. पण नुसते 'अलॉय' म्हटल्याने ते हलके होत नाही. मोठ्या मापाचे जड ओतीव चाक आपल्या जुन्या लोखंडी चाकाहून भारीही भरते. दुकानात वजनकाटा मागा. आणि गावात दहा-वीस किलोमीटर हिंडणाऱ्या गाडीला कंपनीचे लोखंडी चाक काही कमी नाही, हेही निःसंकोच सांगते. हौस असेल तर गाडीच्या कंपनीनेच त्या गाडीसाठी दिलेले मिश्रधातूचे चाक सर्वांत निर्धास्त. त्यात मापाचे सारे प्रश्न आधीच सुटलेले असतात.

चाके बसविताना नट हवेच्या यंत्राने करकचून आवळू देऊ नका. कंपनीच्या पुस्तकात जितका जोर दिला आहे तितका मोजणाऱ्या पान्याने आवळायला सांगा, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासून घ्या. नटाचा टेकणारा भाग निमुळता आहे की गोल, तो चाकाच्या बैठकीशी जुळला पाहिजे. स्टेपनी बहुधा लोखंडीच राहते. तिला वेगळे नट लागत असतील तर ते पुरचुंडीत बांधून गाडीतच ठेवा. रात्री घाटात टायर बसला आणि नट घरच्या कपाटात, असे व्हायला नको. चाके बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. तडा गेलेले चाक झाळून देणारे कारागीर ठिकठिकाणी बसलेले असतात. हात त्यांचा चांगला असेल. पण झाळताना जी आच लागते तिने भट्टीत कमावलेला कणखरपणा त्या जागेपुरता निघून जातो. वरून घासून रंग दिला की कुणाला पत्ता लागत नाही. पहिल्या भेगेशेजारी दुसरी पडायला मग वेळ लागत नाही. काडीला किंवा नटांजवळ तडा गेला असेल तर ते चाक भंगारातच गेले पाहिजे, आणि जाण्यापूर्वी कापले गेले पाहिजे. जुने चाक घेतानाही पाठीवर झाळल्याची वळी दिसते का, हात फिरवून पाहा.

मंडळाच्या कपाटात मी एक कागद ठेवला आहे. त्यावर हे चार प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत, आणि खाली आपल्या गाडीची मापे भरायला जागा सोडली आहे. जिला हवा तिने उतरून न्यावा आणि गाडीच्या पुस्तकातून मापे भरून दुकानात बरोबर घेऊन जावे. दुकानदार एखाद्या वेळी हसेल, म्हणेल, "मावशी, तुम्हांला यातले काय कळणार?" त्याच्याशी वाद घालू नका. चाक उलटे करा, आणि कागदावरचा पहिला प्रश्न विचारा.