परभाषेतील चित्रकलेचा वर्ग

गणिताचा प्राध्यापक परदेशी गेला, तर त्याचे निम्मे काम अंक आणि चिन्हेच करून टाकतात. गवयाचा सूरही भाषेवाचून श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. चित्रकलेच्या अध्यापकाची गोष्ट वरवर पाहता अशीच सोपी वाटते. प्रत्यक्षात ती फार अवघड आहे. चित्र पाहावयास भाषा लागत नाही हे खरे. परंतु विद्यार्थ्याची रेघ कोठे चुकली, एका रंगाशेजारी दुसरा रंग निस्तेज का झाला, हे पटवून द्यावयाचे तर शब्दांवाचून गत्यंतर नाही, असाच सर्वसाधारण समज आहे. या समजाची कसोटी पाहणारे एक आयुष्य विसाव्या शतकात होऊन गेले. जोसेफ आल्बर्स हे त्या जर्मन कलाध्यापकाचे नाव.

आल्बर्स यांचा जन्म १८८८ साली बॉट्रोप या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. वडील घरे रंगविणारे कारागीर. दार रंगवावयाचे तर मध्यापासून आरंभ करून कडेकडे जावे, म्हणजे ओघळ टिपता येतात आणि बाही मळत नाही, ही त्यांची शिकवण मुलाने जन्मभर जपली. काही वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केल्यावर, १९२० साली, बत्तिसाव्या वर्षी हे गृहस्थ वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. रंगसाहित्य विकत घ्यावयास पैसा नव्हता. तेव्हा पाठीवर पिशवी टाकून आणि हातोडी घेऊन ते गावाच्या उकिरड्यावर जात, फुटक्या बाटल्यांचे तुकडे गोळा करीत आणि त्यांतून काचचित्रे जुळवीत. तीन वर्षांनी त्याच शाळेत ते शिकवू लागले. पुढे १९३३ साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली ती शाळा बंद पडली. पत्नी ॲनी या विणकाम करणाऱ्या कलावती, जन्माने ज्यू कुटुंबातील. नोकरी गेली होती, आणि मायदेशात राहणेही आता सुरक्षित उरले नव्हते.

याच सुमारास अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, डोंगराच्या कुशीत, ब्लॅक माउंटन कॉलेज नावाची एक लहानशी संस्था निघत होती. जुन्या महाविद्यालयातून काढून टाकलेले जॉन अँड्र्यू राइस हे प्राध्यापक तिचे एक संस्थापक. विद्यार्थी पुढे कोणताही व्यवसाय करो, कला ही त्याच्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी आल्बर्स यांना पाचारण केले. आपणास इंग्रजीचा एक शब्दही येत नाही, असे आल्बर्स यांनी प्रांजळपणे कळविले. तरीही या, असे उत्तर आले. नोव्हेंबर १९३३ मध्ये हे दांपत्य अमेरिकेत उतरले. आल्बर्स यांचे वय पंचेचाळीस. येथे तुम्ही काय साधू इच्छिता, या प्रश्नाला त्यांनी मोडक्या इंग्रजीत दिलेले उत्तर इतकेच होते, की डोळे उघडावयाचे आहेत.

ज्यांनी घरची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि कचेरीची तिसरी अशा स्थितीत पिढ्या घालविल्या आहेत, त्यांना या माणसाची पहिली काही वर्षे कशी गेली असतील याची कल्पना सहज करता येईल. नवे जीवन सर्वच बाबतींत निराळे होते. जर्मनीत प्राध्यापक या शब्दाभोवती केवढा दबदबा! येथे गुरू आणि शिष्य एकाच भोजनगृहात जेवत, एकाच छपराखाली राहत. कॉलेजची इमारत पांढऱ्या खांबांची, भव्य; परंतु ती भाड्याची होती. उन्हाळा आला, की तिचे मालक ती आपल्या शिबिरांसाठी परत घेत, आणि कॉलेजला आपला सारा संसार बांधून ठेवावा लागे. कॉलेजवर बाहेरचे विश्वस्त मंडळ नव्हते. कारभार अध्यापकच पाहत. पगार म्हणावा असा नव्हताच. राहावयास खोली, दोन वेळचे जेवण आणि किरकोळ खर्चापुरते पैसे, एवढीच प्राप्ती. दुपारी शेतावर काम असे. शनिवारी सायंकाळी मात्र सर्व मंडळी ठेवणीतले कपडे घालून जेवावयास येत आणि नंतर नृत्य होई. पुढे कॉलेजने तळ्याकाठी स्वतःची जागा घेतली, तेव्हा तेथील अभ्यासिकेची इमारत विद्यार्थी आणि अध्यापक यांनी आपल्या हातांनी उभी केली. १९४१ साली कॉलेज तेथे राहावयास गेले.

आता वर्गाकडे वळू. आरंभी दुभाष्याचे काम ॲनी करीत; लहानपणी आयरिश शिक्षिकेकडून शिकलेले इंग्रजी त्यांच्या कामी आले. परंतु दुभाष्यामार्फत व्याख्यान देता येते, नजर देता येत नाही. आल्बर्स यांनी शब्दांचा अनुशेष हातांनी आणि वस्तूंनी भरून काढला. विद्यार्थ्यांनी रेघ कागदावर उतरविण्यापूर्वी ती हवेत हाताने काढून पाहावयाची. समोर पुतळे नाहीत. खुर्च्या, डबे, फुलांच्या कुंड्या. शरद ऋतूत त्या डोंगरांतील झाडे लाल-पिवळी होत. ती गळलेली पाने वेचून आणावयाची आणि रंगीत कागदांशेजारी मांडून पाहावयाची. अंड्याची टरफले, तार, शेवाळ, वर्तमानपत्रे ही सारी कलेची साधनसामग्री झाली. एक पदार्थ दुसऱ्यासारखा भासेल अशी त्यांची जुळणी करावयाची, म्हणजे पदार्थाचा खरा गुण ध्यानात येतो. विद्यार्थ्यांची कामे जमिनीवर मांडली जात आणि सर्वांनी मिळून ती पाहावयाची. वायमारच्या उकिरड्यावर जे शिक्षण झाले, तेच येथे, महासागरापलीकडे, उपयोगी पडत होते.

रंगाचे पाठही असेच. एकाच कागदाचे दोन तुकडे घ्यावयाचे. एक गडद पार्श्वभूमीवर ठेवावयाचा, दुसरा फिक्या. पहिला उजळ दिसतो, दुसरा काळवंडतो, आणि दोन्ही एकच आहेत हे सांगितले तरी डोळ्यांस पटत नाही. रंग कधीही एकटा नसतो, शेजाऱ्याप्रमाणे तो पालटतो, हे तत्त्व शिकविण्यास लांबलचक वाक्यांची गरजच काय? रंगाच्या नळ्यांऐवजी कागद वापरण्यामागे व्यावहारिक शहाणपण होते. कागद स्वस्त, त्याचा रंग मिसळताना बिघडत नाही, आणि केलेला प्रयोग पुन्हा हुबेहूब करता येतो.

हे गुरुजी सर्वांना गोड वाटत असत असे मात्र नाही. शिस्त कडक, भावनेच्या नावाखाली केलेला गबाळेपणा त्यांना खपत नसे. पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकार रॉबर्ट राउशनबर्ग १९४८ साली त्यांच्या वर्गात आले. दोघांचे मुळीच जमले नाही. तरीही आपल्याला लाभलेले सर्वांत महत्त्वाचे शिक्षक हेच, असे राउशनबर्ग सांगत. याउलट रूथ आसावा. जपानी वंशाच्या या अमेरिकन मुलीला युद्धकाळात कुटुंबासह छावणीत डांबण्यात आले होते. नंतर केवळ वंशामुळे तिला शिक्षिका होण्याची वाट बंद झाली. १९४६ साली ती या कॉलेजात आली. तारेच्या विणीतून हवेत तरंगणारी शिल्पे घडविणारी कलावती म्हणून पुढे तिचे नाव झाले. एक निर्वासित गुरू आणि स्वदेशातच परकी ठरविली गेलेली शिष्या, यांची गाठ त्या डोंगरात पडली.

आल्बर्स दांपत्याला जुन्या देशाचा विसर पडला नव्हता, पडणे शक्यही नव्हते. ॲनी यांचे आईवडील १९३९ साली जर्मनीतून निसटले, तेव्हा कोठे त्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच वर्षी जोसेफ आल्बर्स अमेरिकेचे नागरिक झाले. सुट्ट्यांत ती दोघे वारंवार मेक्सिकोस जात. तेथील प्राचीन मंदिरांच्या भिंती आणि मातीची साधी रंगीत घरे पाहून, ज्या कलेला युरोपात नवी म्हणत ती येथे शतकानुशतके नांदत आहे, असे त्यांना वाटे. ओआहाका येथील थडग्यात सापडलेले दागिने पाहून ॲनी यांनी एका विद्यार्थ्याच्या मदतीने मोरीची जाळी, वायसर आणि केसांच्या आकड्यांपासून हार गुंफले. उपयोगाच्या वस्तूतही सौंदर्य दडलेले असते, हा पाठ त्या घरात दोघेही गिरवीत होती.

कॉलेजातील मतभेद विकोपास गेले आणि १९४९ साली आल्बर्स तेथून बाहेर पडले. पुढील वर्षी येल विद्यापीठाने त्यांस डिझाइन विभागाचे प्रमुख नेमले. १९५८ साली ते निवृत्त झाले. साठी ओलांडल्यावर, १९५० मध्ये, त्यांनी ‘चौरसाला वंदन’ ही चित्रमालिका हाती घेतली. हार्डबोर्डाच्या खरबरीत बाजूवर, एकात एक बसविलेले तीन-चार चौरस, रंग थेट नळीतून घेऊन सुरीने पसरलेला, आणि पाठीमागे प्रत्येक रंगाचे नाव टिपलेले. काम मध्यापासून कडेकडे जाई, जसे बॉट्रोपच्या कारागिराने दार रंगविताना शिकविले होते. अशी हजाराहून अधिक चित्रे त्यांनी १९७६ साली मृत्यू येईपर्यंत काढली.

१९६३ साली त्यांचा ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात रंगांविषयीचे सिद्धांत प्रथम आणि प्रयोग नंतर, असा क्रम नाही. आधी करून पाहावयाचे, मग बोलावयाचे. हा क्रम बाउहाउसमध्येच त्यांच्या मनात रुजला होता. परंतु ज्याच्यापाशी शब्दच नव्हते, त्या अध्यापकाच्या पहिल्या अमेरिकन वर्गांनी तो पक्का केला, असे म्हणण्यास हरकत नाही. एक शब्दही येत नाही असे कळविणाऱ्या या शिक्षकाने तो ग्रंथ इंग्रजीत सिद्ध केला, आणि आपल्या विद्यार्थ्यांचे ऋण म्हणून त्यांनाच अर्पण केला.