तोंडातली न दुखणारी गाठ

(बारामती-इंदापूर भागातील गटांच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी मांडलेला विषय)



बचतीचा हिशोब झाला, आता थोडं आपल्या तोंडाकडे बघू. मिशरीने तोंडाचा कॅन्सर होतो हे आपल्याला माहीत आहे, आणि मिशरी सोडायचीच आहे. पण "मी मिशरी लावत नाही, मला काय होतंय?" असं म्हणून निर्धास्त राहू नका.

आपल्या तोंडात लाळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. तीन जोड्या मोठ्या: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. शिवाय टाळू, ओठ, गालाच्या आत 600 ते 1000 बारीक ग्रंथी. त्यांच्यातही गाठ होते, जास्त करून टाळूवर. हा आजार क्वचित होतो, पण तंबाखूला कधी हात न लावलेल्या बाईलाही होतो.

या गाठी बऱ्याचदा दुखत नाहीत. म्हणून आपण म्हणतो, "खुरपणी उरकू दे, मग बघू." प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण ग्रंथी जितकी लहान, तितकी त्यातली गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता जास्त. म्हणून टाळूवरची बारकी गाठसुद्धा दाखवायचीच.

तपासणीत काय करतात? भूल देऊन गाठीचा छोटा तुकडा काढतात. त्याला बायोप्सी म्हणतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती मनातून काढा. तुकडा तपासल्याशिवाय गाठ कसली ते कळत नाही. मग गरजेप्रमाणे सीटी किंवा एमआरआय.

मुख्य उपचार ऑपरेशन. गाठ साधी असली तरी पूर्ण काढावी लागते, अर्धवट राहिली तर परत येते. कॅन्सर असेल तर काहींना नंतर शेकही देतात. टाळूला भोक राहिलं तर कवळीसारखी प्लेट बसवतात, म्हणजे जेवता-बोलता येतं. यातला एखादा प्रकार बऱ्याच वर्षांनीही उलटतो, म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नका, कागद जपून ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत गाठ किंवा जखम गेली नाही, तर आशाताईंना सांगा. बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे पुण्याला ससून, मुंबईत परळला टाटा हॉस्पिटल. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. गाडीभाड्यासाठी अडत असेल तर गटात बोला, आजारपणाच्या कर्जाला लाजू नका.

आज घरी गेल्यावर आरसा आणि बॅटरी घ्या, आ करून टाळू बघा. सासूबाईंचाही बघा.