दूध आणि चोथा


दुधास आपण पूर्णान्न म्हणतो. प्रथिने व कॅल्शियम यांसाठी ते उत्तमच. परंतु त्यात चोथा, म्हणजे तंतुमय अंश, मुळीच नसतो. तो वनस्पतिजन्य अन्नातूनच मिळतो आणि तो कमी पडल्यास बद्धकोष्ठाचा त्रास होतो. शहापूर व मुरबाडच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या नागलीत १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ३ ग्रॅम. तरीही नागलीची भाकरी गरिबीची खूण समजली जाऊन ताटातून मागे पडत आहे. मुलांना दूध अवश्य द्यावे. मात्र त्यासोबत नागलीची भाकरी आणि टाकळा, कुरडू यांसारख्या रानभाज्या शाळेत व अंगणवाडीत मानाने वाढल्या जाव्यात, एवढीच आपणांस विनंती.