पास काढावा की तिकीट?

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी धावली. आज त्याच एसटीनं सुट्टीत कुटुंबासह फिरायचं, तर पास घ्यावा की तिकिटं?

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास ४ किंवा ७ दिवसांचा मिळतो. पण तो सगळ्यांसाठी घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. समजा, नगरहून शिर्डी, नाशिक, त्र्यंबकेश्वर असा बेत आहे. आजोबा ७७ वर्षांचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आईला महिला सन्मान योजनेतून अर्धं तिकीट; ही सवलत मार्च २०२३पासून आहे. आठ वर्षांच्या मुलालाही अर्धंच. बाबांचं तेवढं पूर्ण. म्हणजे माणसं चार आणि भाडं दोघांचं! इथे पासाचा विचार करायचा तो मुख्यतः बाबांसाठी. चार दिवसांच्या त्यांच्या तिकिटांची बेरीज पासाहून जास्त भरली, तरच पास परवडला. मुक्काम एकाच गावी जास्त असेल, तर साधी तिकिटंच बरी.

आल्प्सच्या डोंगरांत फिरणाऱ्यांपुढेही हाच हिशोब असतो. स्वित्झर्लंडमध्ये सगळे दिवस चालणारा पास मिळतो, तसं निम्म्या भाड्याचं कार्डही मिळतं. रोज लांबचा प्रवास असेल तर पास, मधूनमधून असेल तर कार्ड.

तेव्हा आधी मार्ग ठरवा, मग बेरीज करा. आजी-आजोबांचं ओळखपत्र सोबत ठेवा आणि पासाचे चालू दर आगारात विचारूनच पैसे भरा.