जुना जोडा आणि त्यामागचे हात



आजचा विषय जाहीर झाल्यापासून माझ्या युनियनमधल्या मित्रांनी मला पुष्कळ टोमणे मारले. बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणारा माणूस साहेब लोकांच्या जुन्या बुटांवर बोलणार, म्हणजे म्हातारपणी याला चैन सुचली, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना एवढेच सांगितले की व्याख्यान ऐका, मग बोला. त्यांपैकी चौघे समोर बसलेले दिसताहेत. तेव्हा मला सांभाळून बोलले पाहिजे.

आपल्याकडे एक म्हण आहे. ‘पायातली वहाण पायातच बरी.’ माणसांना त्यांची पायरी दाखवण्यासाठी ही म्हण वापरली गेली. कधी बायकोला, कधी गड्याला, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ती वहाण शिवली त्यांना. चामड्याला हात लावणारा हलका आणि त्याने केलेला जोडा घालून मिरवणारा थोर, असा हा आपला हिशेब! आज मी तुम्हाला जोडा हातात घेऊन, उलटा करून पाहायला सांगणार आहे. वहाण पायातून काढून डोळ्यांसमोर धरली म्हणजे बरेच काही दिसते.

इंग्लंड, अमेरिका, जपान अशा देशांत पुरुषांचे जुने चामडी बूट जमवणारी मंडळी आहेत. पन्नास-साठ, क्वचित ऐंशी वर्षांपूर्वीचे जोडे ती शोधून काढतात, दुरुस्त करतात, आणि कपाटात न ठेवता घालून हिंडतात. ऑक्सफर्ड म्हणजे बंद नाडीचा बूट, डर्बी म्हणजे उघड्या नाडीचा, ब्रोग म्हणजे वर भोकांची नक्षी असलेला, एवढे तुम्ही लक्षात ठेवले तरी त्यांच्या पंगतीत बसता येईल. या शौकाची दोन मोठी क्षेत्रे. एक इंग्लंडमधले नॉर्थॅम्प्टन आणि भोवतालची गावे. त्या गावाच्या फुटबॉल संघालासुद्धा लोक ‘कॉबलर्स’, म्हणजे जोडे शिवणारे, म्हणतात, आणि तिथल्या म्युझियममध्ये जगातल्या मोठ्या पादत्राण-संग्रहांपैकी एक आहे. दुसरे क्षेत्र अमेरिका. शिकागोत १८९२ साली निघालेल्या फ्लॉरशाइम कंपनीचे जुने जोडे शौकीन लोक अजून शोधत असतात. त्याच शहरात १९०५ साली सुरू झालेल्या हॉर्वीन या कारखान्यात घोड्याच्या पुठ्ठ्याचे ‘कॉर्डोव्हन’ नावाचे चामडे कमावतात. ते तयार व्हायला सुमारे सहा महिने लागतात. सहा महिने! हल्ली आपण जोडा सहा महिने टिकला तरी दुकानदाराला दुवा देतो.

आता प्रश्न असा, की इतका जुना बूट आज घालता येतोच कसा? याचे उत्तर त्याच्या शिवणीत आहे. जोड्याचा वरचा भाग लाकडी फर्म्यावर ताणून बसवतात. त्याच्या कडेने चामड्याची एक अरुंद पट्टी फिरवतात. तिला वेल्ट म्हणतात. वरचे चामडे, अस्तर आणि आतला तळ ही तिन्ही त्या पट्टीला एका टाक्याने शिवतात. मधल्या पोकळीत बुचाचा भुगा भरतात. मग बाहेरचा सोल त्या पट्टीला दुसऱ्या, वेगळ्या टाक्याने शिवतात. सगळी गोम या दुसऱ्या टाक्यात आहे. सोल झिजला की तेवढा टाका उसवायचा, नवा सोल लावायचा. वरच्या चामड्याला हात लावायचे कारणच नाही. जोडा करणाऱ्यानेच ठरवून ठेवले आहे, की हा पुढे कधीतरी उघडावा लागणार आणि तो उघडणारा दुसराच कोणी असणार. ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा कारागिरासाठी वाट ठेवून काम करणे, याला मी कामातली माणुसकी म्हणतो.

हे काम पूर्वी आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन हातानेच होत असे. मग यंत्रे आली. अमेरिकेतल्या लायमन ब्लेक याने १८५८ साली वरचा भाग सोलला शिवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १८७० नंतरच्या दशकात वेल्ट शिवण्याचे यंत्र रुळले. त्याला गुडइयरचे नाव आहे. रबरवाल्या गुडइयरचा हा मुलगा. यंत्र आणि हात यांत एक फरक राहिला. हातशिवणीत टाका धरणारा कंगोरा आतल्या तळाच्या चामड्यातूनच कोरून काढतात. यंत्राच्या जोड्यात बहुधा कापडाची कड डिंकाने चिकटवून त्याचे काम भागवतात. तरीही यंत्राचा वेल्टवाला जोडा पुन्हा पुन्हा उघडता येतो, हे कबूल केले पाहिजे.

पण यंत्राची गोष्ट निघाली की आम्हा युनियनवाल्यांचे कान टवकारतात. मॅसॅच्युसेट्स राज्यात लिन नावाचे गाव आहे, जोड्यांचेच गाव. १८५७ च्या मंदीनंतर तिथली मजुरी घसरत गेली आणि २२ फेब्रुवारी १८६० रोजी कामगारांनी संप पुकारला. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्मदिवसाचा मुहूर्त धरून! तो आसपासच्या गावांत पसरला. वरचे भाग शिवणाऱ्या बायका मार्चमध्ये बर्फातून मिरवणुकीने निघाल्या. त्याच सुमारास कनेटिकटमध्ये भाषणे करत फिरणाऱ्या अब्राहम लिंकनने, कामगाराला काम सोडता येते अशी व्यवस्था आपल्याला पसंत आहे, असे जाहीरपणे सांगितले. काही मालकांनी मजुरी वाढवली, पण संघटनेला मान्यता द्यायला ते तयार नव्हते. हे ऐकून आमच्या मित्रांना काही ओळखीचे वाटले असेल.

त्याच लिनमध्ये पुढे यान मॅत्सेलिगर नावाचा तरुण आला. तो डच गियानातल्या पारामारिबोचा. बाप डच, आई कृष्णवर्णी. फर्म्यावर चामडे ताणून बसवणे हे काम यंत्राला जमणारच नाही, असे सर्वांना वाटे. चांगला कारागीर दिवसाला पन्नासएक जोड बसवी. मॅत्सेलिगरने दिवसा कारखान्यात राबून, रात्री जागून ते यंत्र केले. १८८३ साली पेटंट मिळाले. त्याचे यंत्र दिवसाला दीडशे ते सातशे जोड बसवू लागले. तो स्वतः १८८९ साली क्षयाने गेला, वय अवघे छत्तीस. पुढे १८९९ साली जोड्यांची यंत्रे करणाऱ्या कंपन्या एकत्र होऊन युनायटेड शू मशिनरी ही कंपनी झाली. तिची महत्त्वाची यंत्रे विकत मिळत नसत, भाड्यानेच घ्यावी लागत. ही मक्तेदारी बेकायदा आहे असा निकाल अमेरिकन कोर्टाने १९५३ साली दिला.

आता जोडा उलटा करू या. जुना जोडा घेणारा आधी छाप पाहतो. चर्च ही १८७३ सालची पेढी १९९९ मध्ये इटलीच्या प्राडाकडे गेली, तेव्हा आतला शिक्का पाहून लोक त्या आधीचा जोडा ओळखतात. इंग्रजी लष्कराच्या बुटावर बाणाची खूण आणि बहुधा साल असते. ती पाहिली की मला रॉन्ड्झ आठवते. नॉर्थॅम्प्टनशायरमधले हे लहान गाव लष्करी बूट शिवत असे. ठेकेदार एकमेकांपेक्षा कमी दराने ठेके घेत आणि तूट कारागिराच्या मजुरीतून काढत. १९०५ साली संप झाला. मे महिन्यात जेम्स ग्रिबल या पुढाऱ्याच्या मागे निवडक ११५ माणसे लंडनपर्यंत चालत गेली, थेट युद्धखात्याच्या दारात. पार्लमेंटच्या गॅलरीतून ग्रिबलने आवाज उठवला, म्हणून त्याला बाहेर काढले. पण शेवटी सरकारला चौकशी करावी लागली आणि मजुरीचे दर ठरले. ज्यांनी शिपायांना चालण्यासाठी बूट शिवले, त्यांना न्यायासाठी स्वतःच चालावे लागले!

आणि अमेरिकन जोड्यावर मी जी खूण आधी शोधतो ती कंपनीची नव्हे. १८९५ साली तिकडच्या काही संघटना मिळून बूट अँड शू वर्कर्स युनियन झाली. ज्या कारखान्याने युनियनशी करार केला, त्याच्या मालावर युनियनचा शिक्का आणि कारखान्याचा नंबर उमटे. गिऱ्हाइकाने तो शिक्का पाहूनच जोडा घ्यावा, अशी हाक होती. या शिक्क्याची दुसरी बाजूही सांगतो. करारात तंटा लवादाकडे नेण्याची आणि संप न करण्याची अट असे. पुष्कळ कामगारांना ती जाचली, आणि १९०९ साली दुसरी युनियन निघाली. शिक्का म्हणजे स्वर्ग नव्हे. पण जोड्यावर मालकाच्या नावाशेजारी कामगाराचीही काही खूण असावी, हा हक्क त्या शिक्क्याने मागितला.

असा शिक्का असलेला एक काळा ऑक्सफर्ड मला मुंबईच्या जुन्या बाजारात मिळाला. घरी विरोध झाला. दुसऱ्याच्या पायातून उतरलेला जोडा, तोही कोण जाणे जिवंत माणसाचा की मेलेल्याचा! ही शंका रास्त आहे. अशा वेळी काय करावे ते सांगतो. जोडा आणल्या आणल्या पायात घालू नये. वर्षानुवर्षे कोरडे पडलेले चामडे पहिल्याच पावलाला घडीवर चिरते, आणि चिरलेले चामडे सांधत नाही. आधी ब्रशाने धूळ काढावी, ओल्या फडक्याने जुने मेण पुसावे, मग चामड्याला पोसणारे मलम हलक्या हाताने चोळून दिवसभर ठेवावे. एकदम तेलात बुडवू नये. आत लाकडी ठोकळे घालावेत, म्हणजे सुरकुत्या ताणल्या जातात. चकचकीत मेण फक्त टोकाला आणि टाचेला लावावे. पाऊल वाकते तिथे ते तडकते. आणि तोच जोडा रोज घालू नये. एक दिवस घाम वाळायला द्यावा.

पुढचे काम माझ्या हातचे नव्हते. स्टेशनजवळ बसणाऱ्या एका कारागिराकडे मी जोडा नेला. त्याने सोल उसवला तेव्हा आत बुचाच्या भुग्यात आधीच्या माणसाचा पाय उमटलेला होता. पाच बोटे, टाच, आणि बाहेरच्या कडेला जास्त दाब. तो कारागीर पाहून म्हणाला, “साहेब, हा माणूस उभ्याने काम करणारा असणार.” नवे बूच भरले, नवा सोल त्याच जुन्या भोकांच्या बेताने शिवला. लिनच्या नाही तर आणखी कुठल्या कामगाराने ठेवलेली वाट आमच्या स्टेशनवरच्या माणसाने अचूक ओळखली. दोघांनी एकमेकांना पाहिले नाही, भाषाही एक नाही. याहून चांगली आंतरराष्ट्रीय कामगार एकता मी परिषदांतही क्वचितच पाहिली!

आता आपल्या पायांतले जोडे पाहा. बहुतेकांचे सोल चिकटवलेले आहेत. ते सुटले की पुन्हा चिकटवायचे, आणि नाहीच जमले तर टाकून द्यायचे. जोडा स्वस्त होतो हे खरे, आणि गरिबाच्या पायात काहीतरी येते हेही मोठे आहे. पण स्वस्ताईची किंमत कुणीतरी भरतो. इस्तंबूलचे डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ साली सहकाऱ्यांबरोबर एक अहवाल प्रसिद्ध केला. बेन्झीन असलेल्या डिंकाशी बंद खोल्यांत काम करणाऱ्या जोडे-कामगारांपैकी २६ जणांना रक्ताचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झालेली त्यांनी नोंदवली होती. डिंकाचा वास आपल्याला दुकानात क्षणभर येतो. त्यांना तो दिवसभर येत होता.

म्हणून जुन्याचे गोडवे गात मी इथे उभा नाही. जुना चांगला जोडा करणाऱ्यालाही मजुरीसाठी बर्फातून आणि रस्त्यातून चालावे लागले. जोडा टिकला, करणारा टिकला नाही. जो शौकीन फक्त चामड्याची चमक पाहतो, तो दुसऱ्याच्या वहाणेने विंचू मारतो. पराक्रम दुसऱ्याचा, मिरवणूक याची. माझे मागणे साधे आहे. जोडा घेताना उलटा करून पाहा, तो उघडता येईल का हे विचारा. दोन स्वस्त जोड्यांच्या पैशांत उघडता येणारा एक मिळत असेल तर तो घ्या. आणि दुरुस्तीला बसाल तेव्हा त्या माणसाशी दोन-चार रुपयांसाठी घासाघीस करू नका. मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, रस्त्यावर बसलेल्या कसबी माणसापुढेच बाजीराव होतो.

वहाण पायातच असते, तिथेच ती शोभते. तिला शिवणाऱ्याची जागा मात्र आपल्या शेजारच्या खुर्चीवर आहे.  बाहेर जाताना आपापला जोडा नीट ओळखून घ्या, आणि घालण्यापूर्वी एकदा उलटा करून पाहा, एवढे सांगून आपली रजा घेतो.